काठ सोडायचा नाही

१

रविवार, दुपारचे अडीच. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. लालबागच्या तुळाजी चाळीमागे एका बंद गिरणीचं आवार आहे आणि त्या आवारात दगडी पायऱ्यांचं तळं आहे. पायऱ्यांवर दोन मुलं होती, आठवीतली मनू आणि तिच्याच वर्गातला संघर्ष. पाण्यात कोणीही नव्हतं.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मुलांनी मंडळाचं महाप्रसादाचं पातेलं पळवून आणलं होतं. ते उपडं करून, कडेला गिरणीतल्या जुन्या मागाची बिडाची वजनं बांधून, दोरीने पाण्यात सोडायचा उद्योग चालला होता. ग्लास उपडा करून बादलीत दाबला की आत हवा राहते, तसंच. आत पातेल्याच्या बुडाला वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला होता. कागद कोरडा परत आला, तर त्या हवेत डोकं घालून माणूसही खाली जाऊ शकतो, असं मनूचं म्हणणं. माणूस म्हणजे अर्थातच ती स्वतः.

तळ्यावर पूर्वी पंप उचलायला बसवलेली लोखंडी तुळई अजून आहे. तिच्यावरून दोरी घेऊन संघर्ष ती हळूहळू सोडत होता. दोरी बरीच खाली गेली आणि थांबली. मग तिला झटका बसला. एक, दोन, तीन. छोटे छोटे.

संघर्षने मनूकडे पाहिलं. मनू दोरीकडे पाहत होती. मनू खाली जाईल तेव्हाच्या खुणा त्यांनी ठरवून ठेवल्या होत्या. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे वर ओढ. तीन म्हणजे पाट मिळाला.

“वजन घसरलं असेल गं,” संघर्ष म्हणाला. दोघांनी मिळून दोरी ओढली. पातेलं पाण्याबाहेर उचललं गेलं आणि त्याच्याखालून एक पाट पाण्यावर तरंगत राहिला. लाकडी, चौकोनी, गणपतीचा पाट. सुलटा. त्याच्या मधोमध हळदकुंकवाची बोटं उमटलेली होती.

मनूने ओल्या हाताने तो उचलला आणि दुसऱ्या हाताचं बोट, फ्रॉकला पुसून, कुंकवाला लावलं. बोटावर लाल पूड आली. कुंकू कोरडं होतं.

२

या तळ्यात चाळीचे घरगुती गणपती आजोबांच्या काळापासून बुडवले जात. मूर्ती पाण्यात नेणारा बुडी मारतो, मूर्ती सोडतो आणि रिकामा पाट, त्यावर तळाची चिमूटभर माती ठेवून, वर आणतो. ज्यांचा गणपती, ते तोवर काठावर उभे. पाट हातात आल्याशिवाय काठ सोडायचा नाही, हा चाळीचा नियम. तो पाट घरी जातो, पुढच्या वर्षी मूर्ती त्याच्यावरच बसते.

मागच्या वर्षापर्यंत मूर्ती नेण्याचं काम मनूचा मोठा भाऊ वरद करायचा. त्याच्याएवढा दम चाळीत कुणाला नव्हता, आणि त्याच्याइतकं खुळही नव्हतं. शाळेच्या दप्तरात दगड भरून तळाशी बसायचं, बागेचा पाइप तोंडात धरून श्वास घ्यायचा, असे सगळे जीवघेणे प्रयोग त्याने करून पाहिले. पाइप चार हात खाली गेला की छाती फुगत नाही, हे त्याला नाकातून रक्त आल्यावर कळलं. मग त्याने आईचा अॅल्युमिनियमचा हंडा कापून, त्याला हेल्मेटची काच बसवून डोक्यावर घालायची टोपी केली. आईने त्याला बदडलं आणि मग हंड्यावर ऑइलपेंटने त्याचं नाव लिहून दिलं, म्हणजे निदान हरवायला नको. संघर्षच्या घरी गणपती नसतो, पण त्याचे बाबा हितेंद्र वेल्डर. त्यांच्याशिवाय मंडळाचा मांडव उभा राहत नाही. हंड्याच्या कडा त्यांनीच घासून दिल्या होत्या.

मागच्या वर्षी गौरी-गणपतीच्या विसर्जनाला वरद हंडा घालून, कांताकाकूंचा गणपती घेऊन पाण्यात उतरला. वर आला नाही.

आता पुढचं ऐका. शोध घेणाऱ्यांनी पायऱ्यांपाशी गळ टाकले, बांबू खुपसले. तिथे गाळ आहे, बांबू चार फुटांवर टेकला. झालं. तळं चार फूट खोल, असं कागदावर आलं. चार फुटांत पाच फूट आठ इंचांचा मुलगा बुडत नाही, म्हणून तो बुडालाच नाही. गिरणीच्या जागेवर टॉवर बांधणाऱ्या विकासकाने गेटच्या कॅमेऱ्यातलं एक धूसर चित्र पुढे केलं, निळ्या शर्टातला एक पोरगा बाहेर जाताना. निळा शर्ट लालबागमध्ये दुसऱ्या कुणाकडे नसतो की काय, असं कुणी विचारलं नाही. वरद घर सोडून गेला, असं ठरलं. कांताकाकू काठावरून ओरडून सांगत होत्या की मी डोळ्यांनी पाहिलं, तो खाली गेला. म्हातारीला मोतीबिंदू आहे, असं शेजारीच म्हणाले, आणि संध्याकाळी दोघींनी धरून त्यांना पाटाशिवाय घरी नेलं.

सगळ्यात वाईट हे की वरदच्या बाबांनी ते मानलं. आदल्या रात्री बापलेकांचं वाजलं होतं. त्याच टॉवरवर वॉचमनची नोकरी धर, असं बाबा म्हणत होते, वरद नाही म्हणाला, आणि बाबा बोलून गेले की मग या घरात राहू नकोस. तेव्हापासून बाबांनी वरदचं नाव घेतलं नव्हतं. जेवायला बसले की दाराकडे पाठ करून बसायचे.

मनूला एवढंच सिद्ध करायचं होतं: वरद बाबांच्या बोलण्यामुळे गेला नाही. तो पाण्यात गेला. दिवाळीनंतर तळ्यात भराव पडणार होता. तसं तळ्याभोवतीच्या कुंपणाच्या पत्र्यावर लिहूनच टाकलं होतं, ‘उथळ खड्डा – काम चालू’.

३

पाट त्यांनी कांताकाकूंच्या दारात नेला. म्हातारी तांदूळ निवडत होती. तिने पाट पालथा केला, कोपऱ्यावरचा समईने पडलेला काळा डाग चाचपला आणि सूप बाजूला सारलं.

“माझोच ह्यो. खंय गावलो?”

कुठे सापडला ते मनूने सांगितलं. कांताकाकूंनी पाटाचा वास घेतला. या वर्षी त्यांच्याकडे गणपती आला नव्हता. पाट पाण्यात असताना दुसऱ्या पाटावर बसवायचा कसा, म्हणून त्यांनी मूर्तीच सांगितली नाही. त्याच्यावरूनही लोक हसले होते.

“कुंकू आजचा आसा,” त्या म्हणाल्या, अगदी शांतपणे. “सकाळी लावलेला.”

संघर्षला हे पटेना. तो डोकं लढवणारा मुलगा. पाट वर्षभर चिखलात रुतलेला, पातेल्याच्या धक्क्याने सुटला, लाकूड तरंगून पातेल्याच्या हवेत अडकलं, म्हणून वरची बाजू कोरडी राहिली, असं त्याने मांडलं. मनूने ऐकून घेतलं. मग तिने विचारलं की हवेत अडकण्याआधी तो पाण्यातूनच गेला असेल ना? मग तेव्हा कुंकू ओलं कसं झालं नाही? आणि वर्षभर चिखलात होता, तर चिखल कुठाय?

संघर्षने पाटाच्या कडेवरून नख फिरवलं. मग म्हणाला, “म्हणजे खाली कुठेतरी कोरडं आहे.”

“गिरणीत पाणी न्यायचं भुयार असणार. त्यात हवा असेल.”

“असेल. पण मग दोरी कोणी हलवली?”

याचं उत्तर मनूने शोधलंच नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती: खाली जागा आहे आणि ती चार फुटांवर नाही. पातेल्यात डोकं घालून तिथवर जाणं म्हणजे वरदसारखंच जाणं. जायचं तर बंद पेटीत बसून जायचं आणि बघून परत यायचं.

४

पाणबुडी आधीच होती. मागच्या वर्षी बालमंडळाचा देखावाच पाणबुडीचा होता. दोनशे लिटरचं लोखंडी पिंप, त्याला हितेंद्रकाकांनी वेल्ड केलेला पत्र्याचा नाकाडा आणि शेपूट. ती संडासामागे ताडपत्रीखाली पडून होती. मुलांनी नाक आणि शेपूट काढून टाकलं, पिंप ठेवलं.

पहिल्यांदा ते रिकामंच सोडलं, नुसती वजनं बांधून. वर आलं तेव्हा कुणीतरी मुठीत धरून चुरगाळावं तसं आत गेलं होतं. आपण आत असतो तर, हा विचार दोघांनीही केला. दुसरं पिंप मिळवलं. त्याच्या आत जाड लोखंडी कड्या बसवायला हितेंद्रकाकांना सांगितलं, देखाव्यावर पुढच्या वर्षी पोरं उभी राहून नाच करणार आहेत म्हणून. काकांनी कड्या बसवल्या आणि वर ऐकवलं की देखावा आहे का बँकेची तिजोरी. झाकणाला पाणी शिरू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचं गॅसकेट, बाहेरून नट. समोर जाड अॅक्रिलिकची खिडकी. तळाला मावतील तेवढी मागाची वजनं. वर तुळईला मंडळाची चेनपुली, तीच जिने मूर्ती ट्रकमधून उतरवतात.

वॉचमनने विचारलं तेव्हा संघर्षने सांगितलं, रील बनवतोय. वॉचमन केस नीट करून म्हणाला, मला पण घ्या.

कांताकाकूंना मात्र खरं सांगितलं, कारण साखळी ओढायला तिसरं कोणीतरी हवंच होतं. मुलांना वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं की कधी. मग म्हणाल्या की वॉचमनच्या जेवणाचं मी बघते.

ठरलं असं: संघर्ष साखळी सोडेल, तळ लागला की थोडं थांबेल आणि उचलेल. आतून खूण करायला मार्गच नव्हता. तरी संघर्षने सवयीने पिंपाच्या बाहेरच्या कडीला दोरी बांधलीच. मनू हसली. आत बसून ती दोरी मी कशी ओढू, असं तिने विचारलं. तो म्हणाला, राहू दे गं.

५

पुन्हा रविवार, भर दुपार. वॉचमन केबिनमध्ये कांताकाकूंच्या सुरमईच्या कालवणावर ताव मारत बसला होता. मनू गुडघे छातीशी घेऊन पिंपात उतरली. केस घट्ट मागे बांधले, रुमालाने तोंड-कपाळ पुसलं. संघर्षने मोबाइलवर तिचा फोटो काढला, पुरावा म्हणून, आणि झाकण बसवलं. नट आवळल्याचा आवाज एकेक करून थांबला.

मग साखळीची खडखड आणि खिडकीत हिरवं पाणी चढत गेलं.

चार फूट कधीच मागे पडले. पाणी हिरव्याचं तपकिरी झालं, मग काळं. मनूने टॉर्च लावला. कड्या कुरकुरल्या, पण टिकल्या. तिला एकदम हसू आलं, मोठ्याने. कागदावर चार फूट, आणि ती अजून खालीच चालली होती. इतक्या खोल चाळीतलं कुणी उतरलं नव्हतं. म्हणजे एक जण सोडून.

पिंप टेकलं आणि किंचित कललं. बाहेर खरवडल्याचा आवाज झाला. टॉर्चच्या उजेडात मूर्तींच्या आतल्या सळ्या दिसल्या, माती विरघळून गेलेल्या, वर्षानुवर्षांच्या. त्यांच्या पलीकडे भिंत. भिंतीत कमान.

कमानीच्या आत पायऱ्या वर चढत होत्या. तिने टॉर्च खिडकीला टेकवला. पायऱ्यांवर उजेडात बारीक धूळ उडत होती. धूळ. पाण्यात गाळ असतो, धूळ नसते. भुयारात हवा अडकली आहे, तिने स्वतःला सांगितलं. हवेचा दाब पाणी अडवून धरतो, पातेल्यात धरतो तसाच. पण कमान तर समोर उघडी होती, उभी, आणि पाणी तिच्या तोंडाशी दारातल्या माणसासारखं थांबलं होतं.

पायऱ्यांच्या कडेने भिंतीला पाट टेकवून ठेवले होते. ओळीने. प्रत्येकावर लाल.

तेवढ्यात तिच्या पायाला गार लागलं. गॅसकेट गळत होतं. वर साखळी ताणली गेली, संघर्ष उचलत होता, पण पिंप हललं नाही. सळ्यांत अडकलं होतं. साखळी पुन्हा ताणली, पिंप पुन्हा कलंडून बसलं. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटरीपर्यंत. मनूने सोबत घेतलेल्या पान्याने पत्र्यावर ठोकलं. वर कुणाला ऐकू जाणार नाही हे तिला माहीत होतं. तरी ठोकलं.

बाहेरून उत्तर आलं. तीन, छोटे छोटे.

पाणी वाढत होतं आणि तिला पाण्याची भीती वाटत नव्हती. खिडकीसमोरून काहीतरी सरकलं. चंदेरी, फुगीर. हंडा. त्याला हेल्मेटची काच होती आणि ती काच तिच्या काचेला येऊन टेकली. आतमध्ये पाणी नव्हतं, एवढं तिने पाहिलं. आत दुसरं काय होतं, ते तिने आईला सांगितलं नाही, संघर्षलाही नाही. टॉर्च विझला. अंधारात पिंपाबाहेर लोखंडावर लोखंड घासल्याचे आवाज येत राहिले, घाई नसलेल्या माणसाच्या कामाचे. तिच्या कपाळावर घामाचा थेंब टेकल्यासारखं वाटलं. पुसायला हात वर येत नव्हता, एवढी जागाच नव्हती.

वर संघर्षच्या पायाशी दोरीला झटके बसले. दोन.

त्याने आणि कांताकाकूंनी साखळी ओढली. तो सांगतो की सुरुवातीला जीव निघत होता आणि मग एकदम वजनच राहिलं नाही, जणू खालून कुणी खांदा दिला.

६

पिंप पाण्याबाहेर आलं तेव्हा काठावर अर्धी चाळ होती. कांताकाकूंची बोंब ऐकून लोक पत्रा पाडून आत घुसले होते. हितेंद्रकाका पुढे, मनूचे आईबाबा मागे. पिंपाच्या कडीला, दोरीच्या गाठीबाहेर उरलेल्या टोकाने, अॅल्युमिनियमचा हंडा बांधलेला होता. त्यावर आईच्या हाताने ऑइलपेंटमध्ये लिहिलेलं ‘वरद’. गाठ उलटी, डावखुऱ्याची. संघर्षने ती बांधली नव्हती. चाळीत तशी गाठ एकच मुलगा मारायचा.

बाबांनी हंडा सोडवून घेतला आणि पायरीवर बसले. संघर्ष पिंपाचे नट सोडवत होता तोवर त्यांनी तो मांडीवर धरला. मग त्यांनी नाव घेतलं. वर्षभरात पहिल्यांदा, मोठ्याने, सगळ्यांसमोर. मनूने पिंपातून ते ऐकलं, झाकण अजून लागलेलंच होतं. ती सांगते की सगळ्यात गोड आवाज तो होता.

विकासकाचा मॅनेजर धावत आला आणि खासगी जागा, अतिक्रमण वगैरे बोलू लागला. कांताकाकूंनी पदर खोचला.

“चार फूट मां? मगे उतर बगया.”

मॅनेजर उतरला नाही. हितेंद्रकाकांनी ओली साखळी पायरीवर सरळ पसरली आणि सगळ्यांचे मोबाइल चालू असताना पावलांनी मोजली. पत्र्याच्या भिंतीपर्यंत गेली, तरी उरली. संध्याकाळपर्यंत ते व्हिडिओ अख्ख्या गिरणगावात फिरले आणि दुसऱ्या दिवशी ज्यांना वर्षभर वेळ नव्हता ते सगळे साहेब वेळ काढून आले.

भराव थांबला. वरद घर सोडून गेला हे वाक्य कागदावरून काढावं लागलं, तिथे तळ्यात उतरला असं आलं. आईने हंडा देवघराशेजारी ठेवला. बाबा आता दाराकडे तोंड करून जेवतात. ‘उथळ खड्डा’ लिहिलेला पत्रा पोरांनी काढून आणला आणि पिंपाला अडकवून मंडळाच्या दारात उभा केला. येणारेजाणारे त्याच्याबरोबर सेल्फी काढतात. कांताकाकूंनी पुढच्या वर्षीची मूर्ती आत्ताच सांगून ठेवली आहे. मनूला दोन शाळांनी सत्काराला बोलावलं आणि आईने दोन्हीकडे जाण्याआधी तिच्या पाठीत एकेक धपाटा घातला.

पुढे तळ्यात पाणबुडे उतरवले गेले. त्यांना कमान सापडली. ती विटांनी बंद केलेली आहे, चुना जुना, गिरणीच्या काळातला. पाट सापडले नाहीत. वरदही नाही. संघर्ष म्हणाला की मनूला आत हवा कमी पडली असेल, भास झाला असेल. मनूने त्याच्याशी वाद घातला नाही. गाठ कोणी मारली, एवढं तिने विचारलं. वाहत्या पाण्यात दोरी अडकते, असं साहेबांनी लिहिलं आहे. तळ्यात पाणी वाहत नाही.

आणि एक गोष्ट कुणी लिहिलीच नाही. झाकण सगळ्यांसमोर उघडलं गेलं, सगळे नट बाहेरून, संघर्षच्या पान्याने. आत मनू कमरेइतक्या पाण्यात बसलेली, घामाने निथळत. तिला पहिल्यांदा कांताकाकूंनी पाहिलं आणि त्यांचा हात तिच्या खांद्यावरच थांबला. खाली जातानाचा फोटो संघर्षच्या मोबाइलवर आहे, त्यात तिचं कपाळ पुसलेलं, मोकळं आहे. वर आली तेव्हा दोन भुवयांच्या मधोमध एक बोट कुंकू होतं. कांताकाकूंनी बोट लावून पाहिलं. कोरडं होतं.